रुमालाची शिबंदी

सर खुर्चीवरून उठले की आधी खिशातून रुमाल काढायचे. निळ्या चौकटीचा, एका कडेला दोरे सुटलेला सुती रुमाल. त्याची चौपदरी घडी ते खुर्चीच्या मधोमध ठेवायचे, वरून तळहाताने एकदा दाबायचे आणि मगच फळ्याकडे जायचे. फळा चार पावलांवर होता. त्या खुर्चीवर बसायची वर्गात कोणाची हिंमतही नव्हती. तरी रुमाल ठेवल्याशिवाय ते कधी हलले नाहीत. पहिल्या आठवड्यात कोणीतरी हसलं, तेव्हा न वळताच म्हणाले, "शिबंदी हाय ती, किल्ल्यावरच्या राखनदारावानी. जागा रिकामी सोडू नये."

तुम्हीही एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली असेल. कँटीनमध्ये वही ठेवली असेल. पण जिथे जागा घ्यायला दुसरं कोणी येणारच नाही, तिथे रुमाल ठेवणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी एकच पाहिला.

मी याआधी कधी काही लिहिलेलं नाही. आमच्या घरात परीक्षेच्या पेपराशिवाय काही लिहायचा प्रसंगच आला नाही, आणि कॉलेजच्या परीक्षेपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. त्यामुळे हे नीट सांगता येईल की नाही, शंका आहे. पण सरांबद्दल दुसरं कोणी लिहिणार नाही, एवढं मला नक्की माहीत आहे.

जुईनगर स्टेशनपासून पाच मिनिटांवर एका पिठाच्या गिरणीच्या वर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. सहा मशीन, आमच्या बॅचला अठरा मुलंमुली, एका मशीनपुढे तिघं. खाली गिरणी सुरू झाली की वर टेबल थरथरायचं आणि पडद्यावरचा माऊसचा बाण आपोआप सरकायचा. खिडकीतून पीठ वर यायचं. सकाळी आलं की की-बोर्डवर, मॉनिटरवर, सगळीकडे पांढरा थर. सरांचा पहिला धडा म्हणजे फडकं कसं मारायचं, हा होता. तोवर आम्ही बटणाला हात लावायचा नाही.

सर पूर्वी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. कारखाना बंद पडला. मग चाळिशीत, स्वतःच्या मुलाएवढ्या पोरांच्या शेजारी बसून ते कॉम्प्युटर शिकले आणि वर्षभरात शिकवायलाही लागले. मूळचे सातारकडचे. आमचंही गाव तिकडचंच, म्हणून की काय, माझ्याशी जरा जास्त बोलायचे. मला नावाने कधी हाक मारली नाही. तुर्भ्याला आमच्या चाळीत कॉलेजात जाणारा मी एकटा, हे त्यांना कळलं त्या दिवसापासून मी "कॉलेज" झालो. "काय कॉलेज, आज अभ्यास का झोप?" असं ते विचारायचे आणि वर्ग हसायचा. मला राग यायचा नाही. उलट बरं वाटायचं. वडील मार्केटमध्ये माथाडी. पाठीवरून कांद्याची गोणी उतरवल्यावर तेही मला कधीकधी तसंच काही विचारायचे, फक्त त्यात थट्टा नसायची.

सरांच्या हनुवटीवर कायम एखादा ताजा कापल्याचा ओरखडा असायचा. कागदाचा कपटा चिकटवलेला. ते घरीच दाढी करायचे आणि वाईट करायचे. खाली गिरणीच्या शेजारीच सलून होतं. दिलीप, माझा मित्र, एकदा म्हणाला, "सर, पाच पावलं चाला की." सरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि धडा पुढे चालू केला.

दुपारी एक वाजता गिरणीवाला जेवायला घरी जायचा. टेबल स्थिर व्हायचं. सकाळची बॅच गेलेली आणि दुपारची यायची असायची. मग सर बाह्या दुमडायचे आणि म्हणायचे, "चला, मुलूखगिरीला."

तो एक खेळ होता. कोणीतरी पाच फ्लॉप्यांवर उतरवून आणलेला. जुन्या काळातली राज्यं, अंधारात बुडालेला नकाशा, प्रत्येकाला सुरुवातीला एक राजधानी आणि मूठभर सैनिक. एकाच मशीनवर आळीपाळीने खेळायचं. आपलं सैन्य शत्रूच्या शहरात शिरलं की पडद्यावर एक चौकट यायची आणि तीत दोन बटणं. एक दाबलं की शहर लुटलं जायचं. खजिना एकदम भरायचा, तटबंदी ढासळायची आणि सैन्य पुढे मोकळं. दुसरं दाबलं की शहर आपलं व्हायचं. पण मग तिथे सैनिक ठेवावे लागायचे, त्यांना धान्य पुरवावं लागायचं. लोक कितीतरी डाव रुसून बसायचे, कर द्यायचे नाहीत. सैनिक कमी पडले तर बंड व्हायचं आणि शहर हातचं जायचं.

दिलीप नेहमी लुटायचा. वाऱ्यासारखा यायचा, बटण दाबायचा आणि निघून जायचा. अर्ध्या तासात त्याच्या खजिन्यात आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त सोनं असायचं. सर नेहमी शहर धरायचे. खाडीच्या तोंडावर एखादं दरिद्री गाव असलं, ज्यातून काहीही मिळत नाही, तरी तिथे एक म्हातारा भालाईत ठेवायचेच. त्यामुळे त्यांचं सैन्य नकाशाभर विखुरलेलं असायचं आणि लढाईला कधीच पुरायचं नाही. बहुतेक डाव ते हरायचे.

दिलीप चिडवायचा, "सर, चौथीच्या पुस्तकात काय शिकलो आपण? लुटायचं आणि सटकायचं. धरून बसले ते मेले."

"आरं, पुस्तकात लूट एका पानात हाय," सर म्हणायचे. "किल्ल्यांची पानं मोज जरा."

"पण जिंकतो कोण?"

"आज तू. लुटलेल्या शहरात पुन्हा जा, काय मिळतंय बघ. चार दमड्या आन शिव्या."

हा वाद रोज व्हायचा, आणि खरं सांगायचं तर मला तो ऐकायला खेळापेक्षा जास्त आवडायचा. एकदा वनिता मध्ये बोलली. वनिता जवळच्याच खाडीकाठच्या गावातली. आई मासळी विकायची, वडिलांची शेती शहर वसलं त्यात गेलेली. ती खेळत नसे, मागे बसून टायपिंगचा सराव करायची. ती मान वर न करता म्हणाली, "लुटनारं आनि धरनारं, दोगंबी एकच. गाववाल्यांना कोनी इचारलं काय?"

दिलीप हसला. सर हसले नाहीत. नंतर माझ्या कानात म्हणाले, "ती बरोबर बोलली. पन धरलं तर निदान तोंड दाखवावं लागतंय रोज. लुटनाऱ्याला ते बी न्हाई."

माझ्या खेळाबद्दल सांगायला हवं. मला शहर लुटवत नसे आणि सोडवतही नसे. मी ते धरायचो, दोनतीन सैनिक ठेवायचो आणि पुढचं शहर दिसलं की त्यातले दोन गुपचूप काढून घ्यायचो. वाटायचं, एका डावापुरतं तर आहे, लगेच परत आणू. सरांनी एकदा चष्मा वर करून हे पाहिलं. "धड लूट न्हाई, धड ठाणं न्हाई," ते म्हणाले. "कॉलेज, तुझ्यासारखा धोक्याचा मानूस न्हाई बघ. दिलीपचं काय, तो जानार हे सगळ्यांना ठाऊक असतंय."

मी ते थट्टेवारी नेलं.

एकदा ते आणि मी एका बाजूने खेळलो. त्यांनी डोंगरातलं एक शहर माझ्या हवाली केलं आणि म्हणाले, हे सांभाळ, माझी सगळी रसद इथून जाते. मी सांभाळलं. दहा डाव सांभाळलं. अकराव्या डावाला शेजारी एक उघडं शहर दिसलं आणि मी सैन्य बाहेर काढलं. दिलीप टपूनच होता. तो आत शिरला, त्याने लुटलं, आणि सरांची मागची अकरा शहरं एकामागून एक उपाशी पडली.

मला वाटलं, ते ओरडतील. त्यांनी मशीन बंद केलं, खुर्ची मागे घेतली आणि हनुवटीवरचा कपटा चाचपत एक गोष्ट सांगितली. ती मी थोडक्यात सांगतो, त्यांनीही थोडक्यातच सांगितली होती.

कारखाना बंद झाला तेव्हा आतली यंत्रं तिथेच होती. कामगारांना कळलं होतं की यंत्रं एकदा बाहेर गेली की कारखाना पुन्हा उघडायचा नाही. म्हणून ते गेटवर बसले. अकरा महिने, पाळ्या लावून, उन्हात, पावसात. गेटवर माणूस बसलेला असला की ट्रक आत जात नसे, मारामारी कोणालाच नको होती. एका रविवारी दुपारी सरांबरोबरचे दोघं मार्केटमध्ये कसलीशी बैठक आहे म्हणून गेले. सर एकटे राहिले. दुसऱ्या दिवशी कोर्टात तारीख होती. जाताना नीट दिसावं म्हणून ते समोर सलूनमध्ये दाढी करायला गेले. रविवार, म्हणून नंबर लागायला वेळ लागला. ट्रक वळणावर उभेच होते, म्हणे दोन दिवसांपासून.

"परत आलो तवा गाल गुळगुळीत हुते माझे," सर म्हणाले. "आन गेट उघडं."

दिलीपने त्यानंतर सलूनचा विषय पुन्हा काढला नाही.

आता मालकाबद्दल. क्लास सरांचा नव्हता. मालकाचे असे तीनचार क्लास होते. नवीन स्टेशन झालं, आसपास इमारती उठल्या की तो तिथे गाळा घ्यायचा आणि बोर्ड लावायचा. पहिल्या वर्षी गर्दी व्हायची. ती ओसरली की मशीन उचलून पुढच्या स्टेशनला. मागे राहिलेल्या पोरांचं काय, हे त्याला कोणी विचारत नसे. दिलीपला त्याचं कौतुकच होतं. म्हणायचा, "मालक माझ्यासारखा खेळतो."

आमची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. ती आमच्याच वर्गात व्हायची होती, बाहेरून परीक्षक येणार होते. त्या दिवशी टेबलावर सहा चालू मशीन नसतील तर केंद्र रद्द आणि अठरा जणांचं वर्ष गेलं. मला ते वर्ष पुन्हा करता आलं असतं. वनिताला नाही. भावाने तिला एक वर्ष दिलं होतं. सर्टिफिकेट मिळालं तर नोकरी बघ, नाहीतर लग्न. हे तिनेच सांगितलं होतं, आज भाजी कुठली केली हे सांगावं तसं.

आणि नेमकं तेव्हाच सरांच्या कानावर आलं की मालकाला मशीन हवी आहेत, पुढच्या ठिकाणी. त्यांनी मालकाला परीक्षेपर्यंत थांबायची विनंती केली. तो हो म्हणाला. सरांनी त्या होकारावर विश्वास ठेवला नाही. फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी तक्ता आखला. सकाळी आठ ते रात्री आठ, दोन-दोन तासांच्या पाळ्या, प्रत्येकाचं नाव. रात्री ते स्वतः चटई टाकून तिथेच झोपायचे. मालकाकडे दुसरी किल्ली होती, पण खोलीत माणूस असताना तो काही करणार नाही, असा सरांचा हिशेब होता. आमचे बाप मार्केटात नाहीतर खाडीवर. एक निरोप गेला की जिना भरला असता. मालकाला ते माहीत होतं. त्याला रिकामी खोली हवी होती.

आम्ही त्याला शिबंदीचा तक्ता म्हणायचो. थोडं हसायचोही.

परीक्षेला आठ दिवस उरले होते. फॉर्म भरायची शेवटची तारीख होती आणि ते वाशीला जाऊन हातानेच द्यायचे होते. सर निघाले. दुपारची बॅच त्या दिवशी नव्हती आणि चारच्या पाळीवर ज्याचं नाव होतं तो येणार नव्हता. मी एकटा होतो. माझी पाळी दोनची, पण सरांनी मला एक वाजताच बसवलं. किल्ली माझ्या हातात देताना ते म्हणाले, "चार तास. फक्त चार. तहान लागली तर पानी हाय तांब्यात. उठायचं न्हाई."

मी म्हणालो, नाही उठणार.

दोन वाजता दिलीप धावत जिना चढून आला. महाप्याला एका कंपनीत डेटा एंट्रीसाठी माणसं घेत होते. आज, फक्त चारपर्यंत. टायपिंगची परीक्षा घ्यायची आणि तिथल्या तिथे सांगायचं. त्याच्या चुलतभावाची रिक्षा खाली उभी होती. दिलीप म्हणाला, तू माझ्यापेक्षा जोरात टाइप करतोस, चल.

मी नाही म्हणालो. खरंच म्हणालो. मग दिलीप म्हणाला, "तुझे वडील अजून किती वर्षं गोण्या उचलणार?"

हे त्याने म्हटलं म्हणून मी गेलो, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. त्याने काही म्हणण्याआधीच मी मनात उठलो होतो. महाप्याला जायला-यायला किती वेळ लागेल, याचा हिशेब माझा करून झाला होता. फक्त मला सरांचं ठाणंही सोडायचं नव्हतं. म्हणून मी काय केलं, तर खिशातून माझा रुमाल काढला, त्याची चौपदरी घडी केली, सरांच्या खुर्चीच्या मधोमध ठेवली, वरून हाताने दाबली, आणि बाहेरून कुलूप लावलं.

परत आलो तेव्हा पावणेपाच झाले होते. कुलूप जागेवर होतं. नीट लावलेलं. मला इतकं हायसं वाटलं की जिन्यातच दोन मिनिटं टेकलो. मग दार उघडलं.

टेबलं तशीच होती. त्यांच्यावरचा पिठाचा थरही तसाच, फक्त सहा ठिकाणी स्वच्छ चौकोन. मशीन जिथे होती तिथला लाकडाचा रंग मी पहिल्यांदाच पाहिला. वायरी कापल्या नव्हत्या, सावकाश काढून नेल्या होत्या. घाई नव्हती कोणाला. खुर्च्या मात्र ठेवल्या होत्या. सरांच्या खुर्चीवर माझा रुमाल होता. त्याला कोणी हातही लावला नव्हता.

खाली गिरणीवाल्याने सांगितलं की टेंपो कोपऱ्यावर कालपासूनच उभा होता. मालक स्वतः आला होता. गिरणीवाल्याला वाटलं, जुनी मशीन नेऊन नवी आणणार असतील. "तूच कुलूप लावून गेलास ना," तो म्हणाला, "मला वाटलं तुमचं ठरलंय."

सर पाच वाजता आले. हातात प्लास्टिकची पिशवी, तीत अठरा पावत्या. ते दारात उभे राहिले. टेबलांकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. बसले नाहीत. रुमाल उचलला, उलटसुलट करून पाहिला. त्यांचा नव्हता हे त्यांना लगेच कळलं असणार.

"कुठं गेला हुतास?"

"महाप्याला. इंटरव्ह्यू होता."

"झाला?"

"हो."

"लागली?"

"सोमवारपासून बोलावलंय."

खाली गिरणी चालू होती, टेबलं थरथरत होती, आणि त्यांच्यावर काहीच नव्हतं.

"बरं झालं," सर म्हणाले. मग त्यांनी माझा रुमाल पुन्हा घडीत बसवला आणि माझ्या हातात दिला. "रुमाल परत येनाऱ्याचा असतो, कॉलेज. तू जायचं ठरवूनच उठलास."

मी परत आलो होतो, असं मला म्हणायचं होतं. मी तिथेच उभा होतो, त्यांच्या समोर. पण ते बोललेलं बरोबर होतं आणि ते आम्हा दोघांनाही कळत होतं. मी रुमाल खिशात घातला. त्यांनी कोपऱ्यातलं फडकं घेतलं आणि टेबलं पुसायला सुरुवात केली. रिकामी टेबलं, एकामागून एक.

केंद्र रद्द झालं.

पहिला पगार झाला तेव्हा आईने पेढे आणून दिले आणि म्हणाली, सरांना दे, त्यांनी शिकवलं म्हणून लागली. तिला काही माहीत नव्हतं. मी गेलो. मला वाटलं होतं, कुलूप असेल, पेढे घेऊन परत येता येईल. पण गाळ्याचं भाडं महिन्याअखेरपर्यंत भरलेलं होतं आणि सर महिन्याअखेरपर्यंत शिकवत होते. अठरापैकी अकरा जण बसले होते. प्रत्येकासमोर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर पेनाने काढलेला की-बोर्ड. सर फळ्यावर वाक्य लिहायचे आणि अकरा जण पुठ्ठ्यावर बोटं आपटायचे. आवाज यायचा, पण तो टायपिंगचा नव्हता. तो कसला होता, मला सांगता येत नाही.

मी दारातून परत फिरणार होतो. सरांनी पाहिलं.

"या कॉलेज," ते म्हणाले. त्यांनी पेढ्यांचा बॉक्स घेतला आणि स्वतः प्रत्येकाच्या हातावर एकेक पेढा ठेवत फिरले. "हा आपल्या वर्गाचा. महाप्याला लागला. बघा, होतंय का न्हाई." त्यांच्या आवाजात टोमणा शोधायचा मी खूप प्रयत्न केला. तो असता तर सोपं झालं असतं. वनिताने पेढा घेतला, पुठ्ठ्याच्या कडेला ठेवला आणि पुन्हा बोटं आपटायला लागली. मी निघालो तेव्हा तो तिथेच होता.

तिचं लग्न त्याच वर्षी झालं. उरणकडे कुठेतरी. त्याआधी एकदा जुईनगरच्या बाजारात भेटली होती. "नोकरी लागली ना तुझी?" म्हणाली. मी हो म्हणालो. "मंग झालं," म्हणाली आणि वांगी निवडायला लागली.

मी सकाळी कॉलेज करतो आणि दुपारची पाळी करतो. कंपनीची बस तुर्भ्याहून ठाणे-बेलापूर रस्त्याने महाप्याला जाते. वाटेत सरांचा जुना कारखाना लागतो. आता तिथे कारखाना नाही. भिंतीला नवा रंग आहे, आत मोकळी जमीन आहे आणि गेट आहे. गेल्या वर्षी एके दिवशी मी खिडकीतून पाहिलं, तर गेटवरचा वॉचमन स्टुलावरून उठत होता. निळा युनिफॉर्म, डोक्याला टोपी, तोंड पलीकडे. मी ओळखलं नसतं. पण त्याने खिशातून रुमाल काढला, चौपदरी घडी केली, स्टुलाच्या मधोमध ठेवून वरून दाबली आणि मग नळावर गेला.

ज्या गेटवर ते अकरा महिने फुकट बसले होते, त्याच गेटवर आता त्यांना पगारावर बसवलं होतं. आत राखायला काही नव्हतं. गवत होतं.

त्या दिवसानंतर मी बसमध्ये दुसऱ्या बाजूला बसायला लागलो. एकदा तिकडे जागा मिळाली नाही, आणि नेमकी गेटसमोर बस ट्रकांच्या रांगेत अडकली. सर बसकडेच बघत होते. एकेक खिडकी बघत होते, कुणाला शोधत असावेत तसं किंवा नुसतंच. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. माझ्या पायात चपला होत्या.

असे सात महिने गेले. रोज वाटायचं, उद्या उतरू. काय बोलायचं, हेही ठरवलं होतं. मी परत आलो होतो, सर, एवढंच. बाकी काही नाही.

गेल्या महिन्यात मी खरंच उतरलो. ड्रायव्हरला सांगितलं, काम आहे, पुढची पकडतो. रस्ता ओलांडून गेटपाशी गेलो. स्टूल होतं. त्यावर कोणी नव्हतं. मला वाटलं, नळावर गेले असतील. मग मी नीट पाहिलं.

स्टुलावर रुमाल नव्हता.

तरी मी उभा राहिलो. थोड्या वेळाने आतून एक तरुण वॉचमन आला, युनिफॉर्म तोच, त्याला सैल होत होता. मी सरांबद्दल विचारलं. "वो बुड्ढा?" तो म्हणाला. "मालूम नहीं. हम तो सोमवार से आया." आजारी होते का, गावी गेले का, काही झालं का, त्याला काहीच सांगता येईना. तो पुन्हा आत गेला. गेट त्याने उघडंच ठेवलं.

रस्त्यावरून ट्रक जात होते, त्यांच्या धुळीने स्टुलाची बैठक पांढरी झाली होती. माझ्या खिशात रुमाल होता. तोच. खिशात हात घालून मी तो बराच वेळ नुसता धरून ठेवला.

बाहेर काढला नाही. परत येणाऱ्याचा असतो तो. पाळीची वेळ होत आली होती. पुढची बस दिसली, तसा मी हात केला.